सौर पॅनेल बॅटरीसारखे 'उतरते' का?
सिलिकॉनच्या जोडात दडलेल्या विद्युत क्षेत्राची कहाणी

वसई, विशेष प्रतिनिधी - विरारहून पूर्वेकडे निघून मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की तालुक्याचे शहरी रूप हळूहळू मागे पडते. गृहसंकुलांच्या जागी भातखाचरे दिसू लागतात आणि तुंगारेश्वरच्या डोंगररांगा जवळ येतात. चांदीप हे याच पूर्व पट्ट्यातील गाव. भारनियमनाचे दिवस येथील जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. त्यामुळे छतावर स्वतःची वीज तयार करण्याची कल्पना अशा गावांत जितकी आकर्षक वाटते, तितक्याच शंकाही तिच्याबरोबर येतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. तीत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रति किलोवॉट ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम मात्र कुटुंबालाच उभी करावी लागते. मग प्रश्न सुरू होतात. ही काच किती वर्षे वीज देईल? आतली 'ताकद' बॅटरीसारखी संपत नाही ना? पाण्याच्या टाकीची जराशी सावली पडली तर एवढे काय बिघडते? आणि मे महिन्यात ऊन आग ओकत असताना पॅनेल अपेक्षेपेक्षा कमी वीज का देते?

हे प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी त्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. प्रत्येक सेलच्या पृष्ठभागालगत, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असा एक पट्टा असतो. सिलिकॉनच्या दोन प्रकारांचा तेथे जोड असतो आणि त्या जोडात एक प्रबळ विद्युत क्षेत्र कायमचे वसलेले असते. हा जोड समजला की विक्रेत्याचे कोणते बोलणे खरे आणि कोणते वाऱ्यावरचे, हे ओळखणे अवघड राहात नाही.

दोन सिलिकॉन, एक सीमा

सिलिकॉन हा वाळूत विपुल सापडणारा पदार्थ. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. स्फटिकात हे चारही इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात गुंतलेले असल्याने शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. परंतु त्यात फॉस्फरसचा अणू बसवला तर चित्र पालटते. फॉस्फरसकडे पाच बाह्य इलेक्ट्रॉन असतात. चार बंधांत जातात, पाचवा मोकळा राहतो आणि स्फटिकात हिंडू लागतो. अशा सिलिकॉनला 'एन' प्रकार म्हणतात. याउलट, बोरॉनकडे तीनच बाह्य इलेक्ट्रॉन असतात. तो बसवला की एक बंध अपुरा राहतो, म्हणजे एक जागा रिकामी पडते. हा 'पी' प्रकार.

ही रिकामी जागा तंत्रज्ञांच्या भाषेत 'होल' म्हणून ओळखली जाते आणि ती इलेक्ट्रॉनप्रमाणेच फिरते. रिकामी जागा फिरते म्हणजे काय, हे विरार लोकलने प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागू नये. खिडकीजवळचा प्रवासी उठतो, शेजारचा खिडकीकडे सरकतो, त्याच्या जागी तिसरा सरकतो आणि शेवटी 'चौथी सीट' मोकळी होते. माणसे खिडकीकडे सरकली आणि रिकामी जागा मात्र दरवाजाकडे गेली. सिलिकॉनमध्येही नेमके हेच घडते. इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकतात आणि रिकामी जागा उलट दिशेने जाते. तिचा हिशेब धन विद्युतभार म्हणून मांडता येतो.

यासाठी लागणारी भेसळ अत्यल्प असते. एका घन सेंटीमीटर सिलिकॉनमध्ये सुमारे ५ या अंकापुढे २२ शून्ये इतके अणू असतात. त्यांतील पन्नास लाख अणूंमागे एखादा अणू बोरॉनचा असला तरी पदार्थाचा विद्युत स्वभाव पार बदलून जातो.

गर्दी आणि उतार

आता हे दोन प्रकार एकाच स्फटिकात एकमेकांना भिडवले तर काय होईल? एका बाजूला मोकळ्या इलेक्ट्रॉनांची गर्दी, दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागांची. खच्चून भरलेला डबा फलाटाला लागला की कोणी ओढत नसतानाही माणसे मोकळ्या जागेकडे पसरतात. त्याचप्रमाणे इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून 'पी' बाजूकडे आणि रिकाम्या जागा 'एन' बाजूकडे पसरू लागतात. यामागे कोणतेही बल नसते, कारण असते ते केवळ दाटीतील फरकाचे. या क्रियेला विसरण म्हणतात.

परंतु इलेक्ट्रॉन हा प्रवाशासारखा तटस्थ नसतो, त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो निघून गेला की मागे राहिलेला फॉस्फरसचा अणू धनभारित होतो, आणि हा अणू स्फटिकात जखडलेला असल्याने त्याला हलता येत नाही. पलीकडे बोरॉनचे अणू त्याच रीतीने ऋणभारित होऊन बसतात. परिणामी सीमेच्या एका अंगाला धन भारांची आणि दुसऱ्या अंगाला ऋण भारांची अशी दोन स्थिर दले समोरासमोर उभी राहतात. मधल्या पट्ट्यात फिरते भार जवळपास उरत नाहीत, म्हणून त्याला रिक्त पट्टा म्हणता येईल. या दोन दलांमधील जागेत विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि ते नव्याने येऊ पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते.

येथे दोन प्रवृत्तींची रस्सीखेच सुरू होते. विसरण इलेक्ट्रॉनांना पुढे नेऊ पाहते, क्षेत्र त्यांना परत फिरवते. जितके अधिक इलेक्ट्रॉन ओलांडून जातील तितके क्षेत्र प्रबळ होते, आणि अखेर दोन्ही बाजू तुल्यबळ ठरतात. अर्थात, याचा अर्थ सारे थांबले असा नव्हे. दोन्ही दिशांची ये-जा चालूच राहते, तिची वजाबाकी मात्र शून्य येते. जोडाच्या दोन टोकांना तार लावली तरी अंधारात तिच्यातून प्रवाह वाहत नाही, त्याचे कारण हेच.

आकाशातील विजेशी तुलना

दोन्ही बाजूंची भेसळ वर सांगितल्याप्रमाणे पन्नास लाखांत एक या प्रमाणात असेल, तर जोडातील अंतर्गत विद्युत दाब साधारण ०.७ व्होल्ट येतो. घड्याळातील सेलच्याही निम्मा! मात्र तो ज्या अंतरात सामावलेला असतो ते अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मे असते. दाबाला अंतराने भागले की क्षेत्राची तीव्रता समजते, आणि हा भागाकार थक्क करणारा आहे. पट्ट्याच्या मध्यावर ही तीव्रता दर सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टच्या घरात जाते. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यासाठी जवळपास एवढेच क्षेत्र लागते. पावसाळ्याच्या तोंडावर आकाशात कडाडणारी वीज हवेला ज्या क्षेत्राने फोडते, त्या तोडीचे क्षेत्र गच्चीवरच्या शांत काचेत रात्रंदिवस नांदत असते. सिलिकॉन हवेपेक्षा सुमारे दसपट क्षेत्र सहन करू शकत असल्याने तेथे ठिणगी पडत नाही, इतकेच.

एका दिशेचा दरवाजा

या जोडाला बाहेरून बॅटरी लावली तर तो दिशेनुसार वेगवेगळा वागतो. बॅटरीचे धन टोक 'पी' बाजूला जोडले की अंतर्गत क्षेत्र दुबळे पडते, अडसर खाली येतो आणि विसरणाला मोकळीक मिळते. मग प्रवाह झपाट्याने वाढतो. सामान्य तापमानाला दाबात दर ६० मिलिव्होल्टची भर पडली की प्रवाह जवळपास दसपट होतो. टोके उलट जोडली तर अडसर अधिक उंच होतो, रिक्त पट्टा रुंदावतो आणि नगण्य गळतीखेरीज काहीही वाहत नाही. एका दिशेने उघडणारा हा दरवाजा म्हणजेच डायोड.

त्याचे उपयोग सर्वत्र आहेत. एलईडी दिव्यात पुढे ढकललेले इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत पडतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर येते. सिलिकॉन या कामाला योग्य नसल्याने तेथे गॅलियम नायट्राइडसारखी संयुगे वापरतात. याच पदार्थापासून निळा एलईडी साकारणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. उलट दाब देऊन रुंदावलेला पट्टा दुसऱ्याच कामी येतो. त्यातून एखादा वेगवान कण गेला की मागे सुटलेले भार क्षेत्र ताबडतोब वेचून घेते आणि कणाची नोंद होते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावरचे सिलिकॉन शोधक युरोपातील 'सर्न'च्या सीएमएस प्रयोगासाठी विकसित केले होते.

या विषयाचा इतिहासही भारताला परका नाही. जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना या अर्धवाहक खनिजावर आधारित शोधकासाठी १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. प्रत्यक्ष पी-एन जोड मात्र १९४० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओहल यांच्या हाती जवळपास योगायोगाने लागला. त्यांच्या सिलिकॉनच्या एका तुकड्यात घडणीच्या वेळीच अशुद्धींचे विभाजन झाले होते, आणि त्यावर दिव्याचा उजेड पडताच अनपेक्षितपणे मोठा विद्युत दाब दिसू लागला. त्याच प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ मध्ये पहिला व्यवहार्य सिलिकॉन सौर सेल जाहीर केला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती.

ऊन पडते तेव्हा

प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांच्या रूपाने येतो. या पुडीला फोटॉन म्हणतात. सिलिकॉनमधील बंधात अडकलेल्या इलेक्ट्रॉनला मुक्त करण्यासाठी १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. तेवढी किंवा त्याहून अधिक ऊर्जा असलेला फोटॉन शोषला गेला की एक मोकळा इलेक्ट्रॉन आणि एक रिकामी जागा अशी जोडी जन्माला येते. ही जोडी तशीच राहिली तर काही काळाने दोघे पुन्हा एकत्र येतील आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाईल. तसे होण्याआधी त्यांना वेगळे करणे हेच जोडाचे काम. भटकत भटकत पट्ट्याच्या काठाशी पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनला क्षेत्र क्षणार्धात 'एन' बाजूला खेचून नेते, रिकामी जागा 'पी' बाजूला उरते. दोन्हीकडे भार साचू लागतात आणि बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू होतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. विद्युत क्षेत्र संपूर्ण सेलभर पसरलेले असते आणि तेच सगळे इलेक्ट्रॉन ओढून आणते, असे अनेकदा सांगितले जाते. वास्तविक सेलची जाडी सुमारे १५० ते १८० मायक्रोमीटर असते, तर पट्टा एक मायक्रोमीटरच्याही आतबाहेर. बहुतेक जोड्या पट्ट्याबाहेर, जेथे क्षेत्र जवळपास नसते अशा भागात जन्मतात आणि विसरणानेच पट्ट्यापर्यंत येतात. वाटेत एखादी अशुद्धी किंवा स्फटिकातील तडा भेटला तर त्यांचा प्रवास तेथेच संपतो. सौर सेलसाठी इतके शुद्ध सिलिकॉन का लागते, याचे उत्तर या प्रवासात आहे.

क्षेत्र खर्च होते का?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पॅनेल बॅटरीसारखे उतरते का? उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. बॅटरीत रासायनिक द्रव्ये खर्च होतात. सेलमधील क्षेत्र मात्र स्फटिकात जखडलेल्या अणूंच्या भारांमुळे असते, आणि हे अणू जागचे हलत नाहीत. बाहेर पडलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पंखा, दिवा किंवा इन्व्हर्टरमधून फिरून दुसऱ्या टोकाने सेलमध्येच परत येतो. उन्हात क्षेत्र किंचित दुबळे होते, कारण साचलेले भार अडसर थोडा खाली आणतात. सूर्य मावळला की ते पूर्ववत होते.

मग ऊर्जा येते कोठून? ती सर्वस्वी प्रकाशाची असते. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला फूटव्हॉल्व्ह ठाऊक असतो. पाणी वर चढवण्याचे काम मोटर करते. फूटव्हॉल्व्ह वर आलेले पाणी फक्त मागे जाऊ देत नाही. फूटव्हॉल्व्ह नसेल तर मोटरचे श्रम वाया जातात, पण म्हणून पाणी फूटव्हॉल्व्ह उचलतो असे कोणी म्हणत नाही. सौर सेलमध्ये मोटरची भूमिका प्रकाशाची आणि फूटव्हॉल्व्हची भूमिका जोडाची.

याचा ठोस दाखला अवकाशात आहे. मार्च १९५८ मध्ये सोडलेला अमेरिकेचा 'व्हॅनगार्ड-१' हा सौर सेलवर चालणारा पहिला उपग्रह. त्याच्यावरील बॅटरीवर चालणारा प्रक्षेपक काही आठवड्यांतच थांबला, सौर सेलवरचा मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला.

टाकीची सावली

एका सेलचा दाब ०.६ ते ०.७ व्होल्ट एवढाच असल्याने पॅनेलमध्ये ६०, ७२ किंवा त्याहून अधिक सेल एकापुढे एक, साखळीसारखे जोडलेले असतात. साखळीत प्रत्येक सेलमधून तेवढाच प्रवाह जाणे भाग असते. अशा वेळी एका सेलवर टाकीची, ताडाच्या झावळीची किंवा केबलवाल्याच्या खांबाची सावली पडली, तर त्याचा स्वतःचा प्रवाह घटतो आणि तो सगळ्या साखळीची वाट अडवतो. उजेडातले बाकीचे सेल प्रवाह रेटत राहिल्याने सावलीतल्या सेलवर उलट दाब येतो. वीज निर्माण करणारा सेल वीज खाऊ लागतो आणि तापतो. काचेखाली करपलेला डाग दिसला तर त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हे टाळण्यासाठी पॅनेलच्या मागील डबीत सहसा तीन डायोड बसवलेले असतात. सावली पडलेल्या गटाला वळसा घालून ते प्रवाहाला आडवाट देतात. म्हणजे एका जोडाने निर्माण केलेले संकट दुसरा जोड निवारतो. किंमत मात्र मोजावी लागते. सावली हातभर असली तरी पॅनेलचा एक तृतीयांश भाग त्या वेळेपुरता बाद होऊ शकतो. नव्या पद्धतीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनेलमध्ये हे नुकसान काहीसे कमी होते, पण टळत नाही. त्यामुळे जागेची पाहणी करणारा माणूस केवळ दुपारी बारा वाजता गच्ची पाहून गेला असेल, तर ती पाहणी अपुरी समजावी. सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता, तसेच सूर्य दक्षिणेला कललेल्या डिसेंबरात सावली कोठे पडेल, याचा अंदाज घ्यायला हवा. वसईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी केलेली पाहणी तर सर्वाधिक फसवी ठरते.

मेचे ऊन, जुलैचे ढग

पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतील परिस्थितीचे असतात. प्रति चौरस मीटर एक हजार वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस. मे महिन्यातील दुपारी मात्र सेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते. उष्णतेमुळे सिलिकॉनमधील बंध आपोआप अधिक तुटू लागतात, अंधारातही वाहणारी गळती वाढते आणि तितका दाब हातचा जातो. दर अंशामागे प्रत्येक सेल साधारण दोन मिलिव्होल्ट गमावतो. ३५ अंशांची वाढ आणि ७२ सेल धरले तर ही घट पाच व्होल्टच्या आसपास जाते. ४५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये ती सुमारे अकरा टक्के होते. पॅनेलला ऊन नव्हे तर उजेड हवा असतो, हे वाक्य म्हणूनच ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पत्र्याला चिकटवून बसवण्याऐवजी खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवली तर हे नुकसान कमी होते.

पावसाळ्यातील हिशेब उलटा असतो. काळ्या ढगांमुळे प्रकाश दहा टक्क्यांवर आला की प्रवाहही दहा टक्क्यांवर येतो. दाब मात्र सेलमागे ६० मिलिव्होल्टच्या आसपासच उतरतो. व्होल्टमीटरवर आकडा जवळजवळ पूर्ण दिसतो आणि युनिट मात्र पडत नाहीत, त्यामागचे इंगित हे आहे. दाब दिसला म्हणजे पॅनेल उत्तम चालले, असे समजू नये. वर्षभराची सरासरी काढली तर महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज धरली जाते. कोकणातील जुलै-ऑगस्टमध्ये तेवढ्याची अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरेल.

आणखी एक अपेक्षाभंग येथेच सांगायला हवा. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला आणि बॅटरी नसलेला संच वीज गेल्यावर बंद पडतो, मग ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून तुटतो. पॅनेल ते इन्व्हर्टर या तारांमध्ये मात्र उजेड असेपर्यंत दाब कायम असतो. जोडाला 'बंद' करण्याचे बटण नसते. छतावर धुणीभांडी, दुरुस्ती वा रंगकाम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग पॅनेल जुने कशाने होते?

जोड झिजत नसला तरी त्याच्या अवतीभवतीचे सारे झिजते. चिकट थर पिवळा पडतो, टाके सुटतात, वाहतुकीत वा पॅनेलवर पाय दिल्याने सेलला बारीक तडे जातात, ओलावा आत शिरतो. समुद्राजवळच्या दमट हवेत आणखी एक धोका असतो, आणि त्यातही खलनायक विद्युत क्षेत्रच आहे. अनेक पॅनेल मालिकेत जोडली की शेकडो व्होल्टचा दाब तयार होतो, आणि सेल व जमिनीशी जोडलेली ॲल्युमिनियमची चौकट यांच्या दरम्यान वेगळेच एक क्षेत्र उभे राहते. काचेतील सोडियमचे भारित कण त्या ओढीने हळूहळू सेलकडे सरकतात आणि स्फटिकातील दोषांत शिरून जोडालाच आडवाट पाडतात. फूटव्हॉल्व्ह गळू लागावा तसे होते. मोठ्या प्रकल्पांत हा धोका अधिक असतो. घरगुती संचात तो कमी असला तरी त्याच्या चाचणीत उतरलेले पॅनेल घेणे आणि संचाची अर्थिंग तज्ज्ञाकडूनच करून घेणे श्रेयस्कर.

पवई येथील आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सौर प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या केंद्राने गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या सहकार्याने २०१३ पासून देशभरातील उघड्यावर बसवलेल्या पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशांतील पॅनेलची घट तुलनेने थंड प्रदेशांपेक्षा अधिक आणि जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतांवरील छोट्या संचांची घट अधिक, असे त्यातून दिसले. दुसरा निष्कर्ष घरमालकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. लहान संचाची खरेदी आणि उभारणी यांत दाखवलेली हलगर्जी पुढे वर्षानुवर्षे भोवते, असाच त्याचा रोख आहे.

त्याच संस्थेत भावी जोडांवरही काम चालते. एकाच सिलिकॉन जोडाची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्क्यांच्या आसपास आहे, तर बाजारातील पॅनेल सर्वसाधारणपणे २० ते २३ टक्क्यांवर आहेत. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनमधील जास्तीची ऊर्जा सिलिकॉनमध्ये उष्णता होऊन वाया जाते. त्यावर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा दुसरा सेल चढवला तर तो निळा प्रकाश पकडतो आणि तांबडा खाली सिलिकॉनकडे सोडतो. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी अशा दुहेरी सेलमध्ये सुमारे ३० टक्के कार्यक्षमता गाठल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र ओलावा आणि उष्णता हे पेरोव्हस्काइटचे जुने वैरी आहेत, आणि कोकणात दोन्हींची वाण नाही. प्रयोगशाळेतील आकडा गच्चीवर पंचवीस वर्षे टिकेपर्यंत घाई करण्यात अर्थ नाही.

तूर्त हिशेब सरळ आहे. छतावरील काचेत जे क्षेत्र आहे ते विकत घेताना जेवढे असते तेवढेच वीस वर्षांनीही असणार आहे. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी करायची ती सावलीची, उष्णतेची, धुळीची, ओलाव्याची आणि उभारणी करणाऱ्याच्या हाताची. 'आतली ताकद संपली, नवे पॅनेल घ्या' असे कोणी सांगू लागले, तर आधी पॅनेल धुऊन घ्यावे, वाढलेल्या झाडाच्या फांद्या पाहाव्यात, मागच्या डबीतील डायोड आणि तारांचे जोड तपासून घ्यावेत. दोष बहुधा तेथेच सापडेल.